नौपाड्यातला चर्चच्या पैशांचा अभ्यासवर्ग: फी वसूल, खुर्च्या मात्र भिकार

आधी व्यवहाराचं सांगते, म्हणजे ज्यांना तेवढंच हवंय त्यांना पुढचं वाचायची सक्ती नको. वर्ग नौपाड्यात भरतो, गोखले रोडवरून आत वळलं की एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही. चार शनिवार, संध्याकाळी सहा ते आठ, फी बाराशे, ज्येष्ठ नागरिकांना आठशे. चहा फीमध्ये धरलाय. टिपणांच्या झेरॉक्सचे मात्र वेगळे शंभर घेतात आणि ते आधी सांगत नाहीत. विषय असा की साम्यवादी राजवटींत चर्चचा खर्च चालायचा कसा, पैसा यायचा कुठून. शिकवणारे सर इतिहासाचे निवृत्त प्राध्यापक आहेत, त्यांचं नाव इथे टाकलेलं त्यांना आवडणार नाही म्हणून टाकत नाही.

मी नाव घातलं तेव्हा सूनबाई हसली. "आई, रशियातल्या चर्चचा हिशेब तुम्हाला कशाला हवाय?" तिचंही बरोबर आहे. पण मी सहकारी बँकेत नोकरी केली आणि निवृत्तीनंतर आमच्या आळीतल्या दत्तमंदिराच्या ट्रस्टची खजिनदारी गळ्यात पडली. दानपेटी चार जणांसमोर उघडायची, चिल्लर मोजायची, पावतीपुस्तकांचे नंबर जुळवायचे, ऑडिटरच्या मागे लागायचं, विश्वस्त बदलला की धर्मादाय आयुक्तांकडे चेंज रिपोर्ट. देवळाचं खरं काय चाललंय ते गाभाऱ्यात कळत नाही, किर्दीत कळतं, हे मला पक्कं ठाऊक आहे. साम्यवादी धर्माच्या विरोधात होते हे शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. पण मग विजेचं बिल कोण भरायचं? छप्पर गळलं तर गवंड्याला पैसे कोण द्यायचं? धर्मगुरूच्या घरी किराणा कुठून यायचा? हे कुणी सांगत नाही. सरांनी सांगितलं. त्याच कारणासाठी हा वर्ग मी पाचपैकी चार गुणांचा मानते. एक गुण का कापला ते ओघात येईलच.

पहिला शनिवार पूर्ण सोव्हिएत रशियाला दिला होता आणि तोच सगळ्यांत सरस झाला. १९१८च्या सुरुवातीलाच बोल्शेविकांनी आदेश काढून चर्च आणि राज्य वेगळं केलं. इथवर कुणालाही ठीक वाटेल. पण त्याच आदेशाने चर्चचं कायदेशीर व्यक्तिमत्त्व काढून घेतलं. चर्चच्या नावावर जमीन नाही, इमारत नाही, काहीच नाही. वास्तू आणि आतली चांदीची भांडी सगळी सरकारजमा, आणि भाविकांच्या गटाने करारावर सह्या करून ती वापरायला घ्यायची. गटात किमान वीस माणसं लागत. दुरुस्ती, विमा, कर, सगळं त्या वीस जणांच्या डोक्यावर. आमच्याकडे ट्रस्टवर यायला पाच माणसं तयार करताना नाकी नऊ येतात, आणि इथे तर सही करणाऱ्याचं नाव थेट सरकारदरबारी जायचं. १९२२ साली दुष्काळग्रस्तांच्या नावाने चर्चमधलं सोनंचांदी उचललं गेलं. शुया नावाच्या गावात लोकांनी विरोध केला तेव्हा गोळीबार झाला. सरांनी हे फार रंगवलं नाही, दोन वाक्यांत सांगून पुढे गेले. त्यांचा भर वहीवर होता.

मग १९२९चा कायदा आला. धार्मिक संस्थांनी दानधर्म करायचा नाही. गरिबाला मदत नाही, आपल्याच सभासदांसाठी मदतनिधी नाही, मुलांसाठी वर्ग नाहीत, वाचनालय नाही. फक्त पूजाअर्चा. सरांनी फळ्यावर मधोमध रेघ मारली, डावीकडे जमा, उजवीकडे नावे, आणि एका सोव्हिएत पॅरिशचं, म्हणजे एका चर्चभोवतीच्या स्थानिक मंडळीचं, वर्षाचं खातं मांडलं. आकडे मनचे आहेत, हे त्यांनी आधीच सांगितलं. जमेच्या बाजूला मेणबत्त्या, पूजेची छोटी भाकरी, बाप्तिस्मे, लग्नं, अंत्यविधी, मृतांच्या नावाने प्रार्थना करायच्या चिठ्ठ्या, आणि फिरवलेलं ताट. नावे बाजूला धर्मगुरूचं मानधन, गायकवृंद, झाडूवाली, कोळसा, दुरुस्ती, बिशपच्या कचेरीचा हिस्सा. बेरीज केली तर शिल्लक उरत होती. मी पुढच्या रांगेतून विचारलं, "सर, शिल्लक कुठे वर्ग करायची? दानधर्म तर बंद."

सर खूश झाले. म्हणाले, "बरोबर ठिकाणी बोट ठेवलंत बाई, आता त्यावरच येतो." आणि तिथून सोव्हिएत शांतता निधीवर आले. हा निधी १९६१ साली निघाला. पॅरिशांनी त्यात 'स्वेच्छेने' पैसे भरायचे. म्हणजे भाकरी मागायला दारात आलेल्या म्हातारीला चर्चच्या पेटीतून रुपया देता येत नव्हता, पण त्याच पेटीतली थैलीच्या थैली सरकारमान्य निधीत जात होती. आणि पेटी भरायची कोण? बहुतेक त्याच म्हाताऱ्या, मेणबत्त्या घेणाऱ्या.

मेणबत्तीबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण या वर्गात मला सगळ्यांत जास्त मिळालं ते तिथे. सरांनी जॉर्जियाच्या प्रवासातून आणलेली एक मेणबत्ती खिशातून काढली आणि रांगेतून फिरवली. जाडी अगरबत्तीएवढी, रंग गुळासारखा पिवळट, वास मधाचा. हातात आली तेव्हा ठाण्याच्या दमट हवेत मधोमध वाकलेली होती. त्या पातळ कांडीवर अख्ख्या ऑर्थोडॉक्स, म्हणजे रशियातल्यासारख्या पूर्वेकडच्या ख्रिस्ती परंपरेच्या, पॅरिशचा जमाखर्च उभा होता. चर्चने ती घाऊक घ्यायची, दारातल्या टेबलावर कितीतरी जास्त किमतीला विकायची, मधल्या फरकावर वर्ष काढायचं. सभासदाची वर्गणी नाही, यादी नाही, कुणी किती दिले त्याची नोंद नाही. नोंदच नसल्यामुळे घेणारीचं नाव कुणाला कळत नाही. बाप्तिस्म्याचं तसं नव्हतं. साठीच्या दशकात आईवडिलांचे कागद बघून वहीत नोंद करायची सक्ती आली, मग कामाच्या ठिकाणी बोलावणं. मेणबत्तीला पावती नव्हती. मी आयुष्यभर विनापावती रकमेवर आक्षेप घेत आलेय, आणि इथे त्या रकमेनेच लोकांना सांभाळलं होतं.

सरकारला हे कळत नव्हतं असं नाही. स्टालिननंतरच्या ख्रुश्चेव्हच्या काळात १९५८ साली मेणबत्त्यांच्या कारखान्यांवरचा कर एकदम चढवला. घाव बरोबर बसला, कारण दुसरा मोठा मार्गच नव्हता. धर्मगुरूंना तर १९४३च्या प्राप्तिकर आदेशातल्या एकोणिसाव्या कलमात टाकलेलं होतं, जिथे कराचा वरचा टप्पा ८१ टक्क्यांपर्यंत जायचा. कारखान्यातल्या कामगाराला १३ टक्के आणि धर्मगुरूला हे. १९८१पासून तो थोडा उतरून ६९ झाला. ही सवलत आहे का, असं मागच्या रांगेतून कुणीतरी विचारलं आणि सगळा वर्ग हसला.

आमच्या वर्गात एक काका होते, वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात आयुष्य गेलेले, युनियनचे जुने कार्यकर्ते. त्यांना सगळे कॉम्रेडच म्हणायचे. ते पहिल्या तासाभरात दोनदा उठून बोलले. त्यांचं म्हणणं असं की झारच्या काळात चर्चकडे अफाट जमिनी होत्या, शेतकरी उपाशी होता, तेव्हा त्या हिशेबाबद्दलही बोला. मुद्दा चुकीचा नव्हता आणि सरांनी तो टाळलाही नाही. मग सर युद्धावर आले तेव्हा कॉम्रेड एकदम खुलले. डिसेंबर १९४२च्या अखेरीस रशियन चर्चचे तेव्हाचे प्रमुख मेट्रोपॉलिटन (म्हणजे वरिष्ठ बिशप) सेर्गी यांनी भाविकांना रणगाड्यांसाठी पैसे द्यायला सांगितलं. पैसे ठेवायचे कुठे, म्हणून बँकेत खातं उघडायला परवानगी मागितली, आणि जानेवारी १९४३मध्ये स्टालिनने ती दिली. पंचवीस वर्षं ज्याला कायद्याने अस्तित्वच नव्हतं, त्याला पहिल्यांदा अस्तित्व मिळालं ते स्टेट बँकेच्या खात्याच्या रूपाने. बँकवाली म्हणून मी इथे वहीत दोन रेघा मारल्या. ऐंशी लाखांहून जास्त रूबल जमले, त्यांतून चाळीस रणगाड्यांचा 'दिमित्री दोन्स्कोय' ताफा उभा राहिला आणि मार्च १९४४मध्ये सैन्याच्या हवाली झाला. सप्टेंबर १९४३मध्ये स्टालिनने तिघा मेट्रोपॉलिटनांना क्रेमलिनमध्ये बोलावलं, चार दिवसांत नवा पॅट्रिआर्क, म्हणजे सर्वोच्च धर्मप्रमुख, निवडला गेला. "बघा, देशासाठी एकत्र आले की नाही!" कॉम्रेड म्हणाले. शेजारच्या बाई हळूच मला म्हणाल्या, "ताई, आधी मान आवळायची आणि मग वर्गणी मागायची, ही कुठली एकी?"

या शेजारच्या बाई कळव्याहून येतात, मराठी ख्रिस्ती, त्यांच्या मंडळीत पैशांचं काम त्यांच्याकडेच आहे. आमची लगेच गट्टी जमली. त्या दशांशाचे लिफाफे सांभाळतात, मी अभिषेकाच्या पावत्या. त्यांच्याकडे कापणीच्या सणाला लोक भाजीपाला, तांदूळ, कोंबडी आणतात आणि पूजेनंतर लिलाव होतो. गेल्या वेळी एक लाल भोपळा तीनदा विकला गेला म्हणे, कारण घेणारा दर वेळी तो परत मंडळीला देऊन टाकायचा. तीन वेळचे पैसे जमा आणि भोपळा जागेवर. मी म्हटलं, हे मी माझ्या ऑडिटरला सांगितलं तर तो आजारी पडेल.

पण रशियाच्या कहाणीतला खरा पेच १९६१चा आहे. जुलै महिन्यात बिशपांची सभा बोलावून असं ठरवून घेतलं की पॅरिशच्या पैशाशी धर्मगुरूचा संबंध नाही. कारभार तिघांच्या कार्यकारी समितीकडे जाणार, त्यात एक प्रमुख, एक मदतनीस, एक खजिनदार. धर्मगुरू त्या समितीने ठरल्या पगारावर ठेवलेला माणूस. समितीत कोण असावं यात स्थानिक सोव्हिएतचा, म्हणजे गावच्या सरकारी मंडळाचा, हात असायचा. म्हणजे चर्चच्या चेकवर सही कुणाची, हे चर्चच्या बाहेर ठरायचं. ही रचना १९८८पर्यंत टिकली. सर म्हणाले की कुलूप लावण्यापेक्षा ही युक्ती जास्त मुरलेली होती. मला तर त्यांनी सांगायचीच गरज नव्हती. ट्रस्टमध्ये भांडण लागलं की आम्ही पहिलं काय बघतो? बँकेत सह्यांचे अधिकार कुणाकडे आहेत ते.

आता तक्रारी. दर वेळी सुरुवातीला आयोजकांपैकी एक गृहस्थ वक्त्यांचा परिचय करून देतात. पहिल्या दिवशी ठीक आहे. पण पुढच्या प्रत्येक शनिवारी तेच सर आणि तोच परिचय? वर शाल, श्रीफळ, फोटो. सहाचा वर्ग साडेसहाला खऱ्या अर्थाने सुरू होतो. प्रोजेक्टर एकदा मधेच बंद पडला आणि ज्या मुलाला तो लावता येतो तो चहा आणायला गेलेला. खुर्च्या लग्नाच्या मांडवातल्या प्लास्टिकच्या, तासाभरानंतर कंबर बोलायला लागते. येताना उशी आणा, मी आणायची. खिडक्या उघड्या ठेवल्या तर गोखले रोडचे हॉर्न, बंद केल्या तर उकाडा. चहा मात्र उत्तम, आलं घातलेला, आणि सोबत कधी खारी कधी भाकरवडी. एक गुण कापला तो या सगळ्यासाठी नाही, तो शेवटच्या शनिवारसाठी. त्यावर येते.

दुसऱ्या शनिवारी चेकोस्लोव्हाकिया आणि हंगेरी. इथे माझं आणि सरांचं वाजलं. चेकोस्लोव्हाकियात १४ ऑक्टोबर १९४९ रोजी २१८ क्रमांकाचा कायदा झाला. चर्चची आर्थिक बाजू राज्य सांभाळेल, धर्मगुरूंना राज्य पगार देईल. वाचायला किती गोंडस! त्याच्याच आदल्या क्रमांकाच्या कायद्याने चर्चविषयक सरकारी कार्यालय उघडलं आणि त्याच्या प्रमुखपदी आला आलेक्सेय चेपिच्का, राष्ट्राध्यक्ष गोटवाल्डचा जावई. पगार हवा तर राज्याची संमती हवी, संमती हवी तर प्रजासत्ताकाशी निष्ठेची शपथ. संमती काढली की पगार तर जातोच, पण वेदीपुढे उभं राहून उघड मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची मुख्य उपासना, करणंही गुन्हा ठरतो. मिलोस्लाव व्ल्क या धर्मगुरूंची परवानगी १९७८ साली काढून घेतली, तर १९८६पर्यंत त्यांनी प्रागमध्ये इमारतींच्या खिडक्या पुसल्या. हेच पुढे प्रागचे आर्चबिशप आणि कार्डिनल झाले. पगार असलेल्यांचंही फार भलं नव्हतं. इतरांचे पगार वाढत गेले, यांचे मागे पडत गेले.

सरांनी न्यायाने सांगितलं की राज्याने धर्मगुरूला पैसे देणं तिथे साम्यवाद्यांनी शोधलेलं नव्हतं. सम्राट दुसऱ्या जोसेफने अठराव्या शतकात मठ बंद करून त्यांच्या मालमत्तेचा धर्मनिधी केला, त्यातून धर्मगुरूंना पूरक रक्कम मिळायची, आणि ती प्रथा १९१८नंतरच्या पहिल्या चेकोस्लोव्हाक प्रजासत्ताकातही चालू राहिली. साम्यवाद्यांनी जुनी पाइपलाइन घेतली आणि नळ आपल्या हाती ठेवला. इथवर आमचं एकमत. पण सरांच्या मते सोव्हिएत पद्धत जास्त क्रूर, कारण कर आणि जप्ती. मी म्हटलं, "सर, रशियाची क्रूर असेल, पण पकड जास्त घट्ट ती चेकोस्लोव्हाकियाच्या पद्धतीची. रशियात पैसा खालून येत होता, सरकार त्यावर बसून हिस्सा खात होतं. उद्या सरकार उठलं तरी म्हातारी मेणबत्ती घेणारच. प्रागमध्ये पैसा वरून येतो. लोकांची द्यायची सवयच मोडते." सर म्हणाले, पण चेक लोकांची श्रद्धा उतरणीला लागली ती आधीपासूनच, पगाराचा दोष का काढता? मी म्हटलं, दोष पगाराचा नाही, पगार घेणाऱ्याकडे दुसरा पर्याय न ठेवण्याचा आहे. वाद सुटला नाही. चहा आला.

हंगेरीत ३० ऑगस्ट १९५०ला बिशपांनी सरकारशी करार केला. सरकार अठरा वर्षं अनुदान देणार, तेही टप्प्याटप्प्याने कमी होत जाणारं, आणि राष्ट्रीयीकरण झालेल्या शाळांपैकी आठ कॅथलिक शाळा परत मिळणार. बाकी सगळ्या गेल्या. करारावर सही करणारे आर्चबिशप ग्रॉस यांना दुसऱ्याच वर्षी अटक झाली. त्यांच्या आधीचे कार्डिनल मिंडसेंटी तर १९४८च्या डिसेंबरपासून आतच होते. मला त्या उतरत्या अनुदानाचा हिशेब फार आवडला, म्हणजे त्यातली चलाखी. दर काही वर्षांनी हप्ता कमी होणार हे कागदावर आहे, आणि अठरा वर्षांत लोकांची द्यायची सवय पुन्हा लागेल अशी सोय कुठे नाही. म्हणजे मुदत संपली की पुन्हा त्याच दारात. आणि झालंही तसंच, १९६८ साली मुदत वाढवावी लागली.

तिसरा शनिवार माझ्या मताला पुष्टी देणारा निघाला, म्हणून आवडला असं समजा. पोलंड. १९५०च्या मार्चमध्ये चर्चच्या जमिनी सरकारने घेतल्या आणि त्यांच्या बदल्यात एक चर्चनिधी काढला. पण बहुतेक धर्मगुरूंचं पोट त्या निधीवर नव्हतं. ते रविवारच्या ताटावर होतं, मिस्सासाठी दिलेल्या दक्षिणेवर, आणि नाताळनंतर धर्मगुरू घरोघरी आशीर्वाद द्यायला जातो तेव्हा मिळणाऱ्या पाकिटावर. सरकार कर लावू शकत होतं, छळू शकत होतं, पण पगार थांबवू शकत नव्हतं, कारण देतच नव्हतं.

मग नोवा हुताची गोष्ट. क्राकोवजवळ पोलाद कारखान्यासाठी वसवलेलं नवं शहर, आराखड्यातच चर्च नाही. १९६०च्या एप्रिलमध्ये लोकांनी उभारलेला क्रूस काढायला सरकारी माणसं आली तेव्हा दंगल झाली. शेवटी १९६७ला बांधकामाची परवानगी मिळाली. परवानगी मिळणं एक आणि सिमेंट मिळणं दुसरं, कारण नियोजित अर्थव्यवस्थेत सिमेंट, लोखंड, क्रेन सगळं सरकारच्या वाटपात. मग लोकांनी सुट्टीच्या दिवशी येऊन स्वतः बांधलं. बाहेरच्या भिंतीवर नदीतले वीस लाख गोटे आहेत, देशभरातून लोकांनी आणलेले. दहा वर्षं लागली. १५ मे १९७७ला कार्डिनल वोयतिवा यांनी चर्च पवित्र केलं, आणि ते पुढच्या वर्षी पोप झाले. सरांनी त्या भिंतीचा जवळून घेतलेला फोटो दाखवला, एकेक गोटा वेगळा दिसत होता. कळव्याच्या बाई म्हणाल्या, "ह्याची पावती कशी फाडणार ताई?" वस्तुरूपाने देणगी, मी म्हटलं, दर्शनी मूल्य एक रुपया. कॉम्रेडही हसले, आणि म्हणाले की कामगारांनीच बांधलं ना शेवटी, मग ते आमचंच. याला उत्तर नव्हतं.

पूर्व जर्मनीवर जेमतेम पाऊण तास मिळाला, पण तो भाग डोकं खाजवायला लावणारा होता. जर्मनीत चर्चचा कर असतो. पूर्वेत कर कागदावर राहिला, पण वसुलीत मदत करणं राज्याने पन्नाशीच्या दशकात सोडून दिलं, म्हणजे ज्याची इच्छा त्याने भरायचा. मग चर्च तगली कशी? पश्चिमेकडच्या चर्चच्या पैशावर. तो पैसा सरळ पाठवत नसत. पश्चिमेकडची चर्च आपल्या मार्कांत तांबं, कॉफी, तेल असला माल विकत घेऊन पूर्व जर्मन सरकारला द्यायची, आणि सरकार त्याच किमतीचे पूर्वेचे मार्क पूर्वेकडच्या चर्चला द्यायचं. एकास एक दराने! सरकारला परकीय चलनाचा माल मिळाला, चर्चला छप्पर. याच वाटेने राजकीय कैदीही सुटत. पश्चिम जर्मनीने सुमारे तेहतीस हजार कैदी सोडवले, त्यासाठी तीन अब्जांहून जास्त मार्क मोजले. बर्लिनचं मोठं कॅथीड्रल युद्धात पडलेलं होतं, त्याची दुरुस्ती १९७५ला सुरू झाली तीही पश्चिमेच्या पैशावर, कारण त्यात सरकारलाही चलन दिसत होतं.

आता पैसा खालून, लोकांकडून आला तरच चर्च तगते, या माझ्या सिद्धान्ताचं काय? इथे पैसा खालूनही नाही आणि आपल्या सरकारकडूनही नाही, भिंतीपलीकडून. आणि तरीही लाइपझिगच्या निकोलस चर्चमध्ये १९८२पासून सोमवारच्या प्रार्थना चालल्या आणि ऑक्टोबर १९८९मध्ये तिथूनच सरकारविरोधी मोर्चे निघाले. मी हे मोकळेपणाने मांडलं तेव्हा सर म्हणाले, देणारा एकटा नसला की घेणारा वाकत नाही. भाविकांचे थोडे, पश्चिमेचे बरेच, आणि जुन्या करारांनुसार सरकारचेही काही. तीन खाती होती, एक बंद पडलं तर दोन. हे मला पटलं. माझ्या म्हणण्याला दुरुस्ती म्हणून मी ते घेते.

चौथा शनिवार मात्र गडबडीत गेला, आणि कापलेला गुण इथला. अल्बेनिया पाच मिनिटांत संपला. खरं तर तिथे हिशेबच संपला होता, १९६७ साली मशिदी, चर्च, मठ सगळेच बंद केले. चीनला त्यामानाने वेळ मिळाला. १९५०च्या डिसेंबरअखेर तिथल्या सरकारने अमेरिकन पैशावर चालणाऱ्या संस्था ताब्यात घ्यायचं धोरण जाहीर केलं, आणि परदेशी पैसा नको, स्वतःच्या पायावर उभे राहा, असं म्हणणारी चळवळ चर्चच्या आतच उभी केली. इथे कळव्याच्या बाई उठल्या. म्हणाल्या, परक्यांचा पैसा नको हे आपल्याकडे रेव्हरंड ना. वा. टिळकांनीही म्हटलं, १९१७ला मिशन सोडून 'देवाचा दरबार' नावाचा स्वतःचा समूह काढला, पण त्यांना तसं करायला कुठल्या सरकारने भाग पाडलं नव्हतं. सर म्हणाले, हाच फरक आहे. पूर्ण वर्गात एवढा नेमका प्रश्न दुसऱ्या कुणी काढला नाही, आणि त्यावर दहा मिनिटं बोलता आलं असतं. पण घड्याळात आठ वाजून गेले होते आणि खालून वॉचमनने दोनदा डोकावून पाहिलं होतं.

त्यामुळे १९८९ला युरोपातल्या साम्यवादी राजवटी कोसळू लागल्यावर काय झालं हे जिन्यात उभं राहून ऐकावं लागलं. आणि तेच तर चविष्ट होतं! चेक प्रजासत्ताकात तो १९४९चा कायदा साम्यवादी गेल्यावरही पगार देत राहिला, थेट २०१२च्या अखेरीपर्यंत. मग ४२८ क्रमांकाचा नवा कायदा आला. जप्त केलेल्या मालमत्तेपैकी काही परत, उरलेलीच्या बदल्यात तीस वर्षांत ५९ अब्ज क्राउन (तिथलं चलन), आणि पगाराचं अनुदान सतरा वर्षांत उतरत उतरत शून्यावर. पुढे त्या भरपाईवर कर लावायचा घाट घातला गेला, तो २०१९ला त्यांच्या घटनात्मक न्यायालयाने हाणून पाडला. हंगेरीत तर नागरिकाने आपल्या प्राप्तिकराचा एक टक्का कुठल्या चर्चला द्यायचा ते फॉर्मवर लिहायची सोय आहे, नव्वदीच्या दशकातली. जिन्यात दिवा नव्हता, मी मोबाइलच्या उजेडात आकडे लिहून घेतले.

आयोजकांना माझं सांगणं एवढंच की पाचवा शनिवार वाढवा, तो पूर्ण १९८९नंतरच्या हिशेबाला द्या आणि परिचयाचा कार्यक्रम पहिल्या दिवशीच उरका. झेरॉक्सचे शंभर फीमध्ये धरा आणि पावतीवर दाखवा. नावं नोंदवणाऱ्यांनी रोख रक्कम सुटी न्यावी, तिथे क्यूआर कोड लावलेला आहे पण तो ज्यांच्या खात्याला जोडलाय ते गृहस्थ स्वतः हजर असले तरच पैसे आले की नाही ते कळतं.